कॅसेटचा प्राचीन अवशेष कसा घडवावा

अमेरिकी शिल्पकार डॅनियल आर्शम २०१० साली ईस्टर बेटावर गेले, तेथे त्यांनी पुरातत्त्वज्ञांचे काम जवळून पाहिले आणि पुढे कॅमेरे, टेलिफोन, कॅसेट अशा आपल्याच काळातील वस्तू ते ज्वालामुखीची राख, प्लास्टर आणि स्फटिक यांतून, जणू शेकडो वर्षांनी उत्खननात सापडल्या असाव्यात तशा, घडवू लागले. त्या पद्धतीचा लहान नमुना घरी करायचा असेल, तर ऑडिओ कॅसेटपासून सुरुवात करावी. ती सपाट असल्याने साचा एकाच भागात होतो.

कॅसेट काचेवर दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवावी आणि आरपार भोके शाडूने अर्ध्या खोलीपर्यंत बुजवावीत. भोवती एक सेंटिमीटर जागा सोडून पुठ्ठ्याची भिंत उभारावी, फटी शाडूनेच लिंपाव्यात आणि साच्याचे सिलिकॉन रबर एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतावे, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. रबर पुरते घट्ट झाल्यावर कॅसेट अलगद सोडवावी.

यापुढचे काम सर्वांत मोलाचे आहे. ओतकाम झाल्यावर छिन्नीने टवके उडवले, तर वस्तू जीर्ण न दिसता नुसती फुटलेली दिसते. म्हणून झीज आधीच साच्यात योजावी लागते. शाडूचा ओबडधोबड गोळा घेऊन त्यात स्फटिकांची टोके निम्मी खुपसावीत आणि स्फटिकांची मागची बाजू मोकळी राहील अशा रीतीने तो गोळा साच्याच्या कोपऱ्यात दाबून बसवावा. प्लास्टर ती मागची बाजू धरून ठेवते आणि नंतर शाडू काढला की खळगीतून टोके बाहेर डोकावतात. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक नेमके असेच वाढलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते एकदा निरखून पाहावेत, हात आपोआप शहाणा होतो. झीज कडा आणि कोपऱ्यांकडेच ठेवावी. रिळांची दोन भोके मात्र शाबूत राखावीत, कारण ओळख त्यांच्यावरच टिकते.

सत्तर मिलिलिटर पाण्यात शंभर ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस भुरभुरावे. प्लास्टरवर पाणी ओतू नये, गुठळ्या होतात. करडा रंग हवा असल्यास चाळलेली राख प्लास्टरच्या दहाव्या भागाहून कमीच, कोरडी असतानाच मिसळावी, कारण जास्त राखेने ओतीव ठिसूळ होते. वरून रंग देण्यापेक्षा हा अंगचा रंग कितीतरी खरा वाटतो. प्लास्टर व राख हाताळताना मास्क लावावा आणि उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, ते नळीत दगड होऊन बसते.

मिश्रण साच्यात ओतल्यावर प्लास्टर घट्ट होताना गरम होते; ते पुरते निवल्यावरच साचा सोडवावा. मग ओल्या मऊ ब्रशने शाडू हळूहळू काढावा, स्फटिकांच्या फटीत थोडा राहिलाच तर तो तसाच राहू द्यावा, आणि तुकडा सावलीत दोन-तीन दिवस वाळवावा.