डिस्क कॅशमधले फोटो अर्धेच दिसत होते, असं सुटलं

अ‍ॅप परत उघडलं की कॅशमधले (डाउनलोड करून डिस्कवर साठवलेले) काही फोटो अर्धेच दिसायचे, खाली नुसता करडा पट्टा. कॅशची साइज वाढवली, कोड लायब्ररी अपडेट केली, फरक शून्य, अक्षरशः वैतागलो. कारण निघालं ते असं की फाइल लिहिताना मध्येच अ‍ॅप किल व्हायचं आणि पुढच्या वेळी तीच अर्धवट फाइल पूर्ण समजून वाचली जायची.

आता फाइल आधी टेम्प, म्हणजे तात्पुरत्या नावाने लिहितो (फोल्डर तोच ठेवा, दुसऱ्या ड्राइव्हवर रिनेम अ‍ॅटॉमिक, म्हणजे एका झटक्यात पूर्ण होणारं, नसतं), डाउनलोड एररशिवाय संपलं तरच एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर लिहायला लावणं), मग क्लोज, आणि सगळ्यात शेवटी खऱ्या नावावर रिनेम. अ‍ॅप सुरू होताना उरलेल्या टेम्प फाइल्स डिलीट. जुनी कॅश एकदा पूर्ण उडवाच, नाहीतर आधीच्या खराब फाइल्स तशाच दिसत राहतात.