तांब्याच्या कॅथोडमधून पिकोसेकंदाची पल्स

आरएफ गनवर (लेसरने धातूतून इलेक्ट्रॉन सोडवून रेडिओ लहरींनी त्यांना वेग देणारं यंत्र) नव्याने बसणाऱ्याला मी आधी एक हिशेब कागदावर करायला लावते. कॅथोडच्या, म्हणजे लेसर ज्यावर पडतो त्या पृष्ठभागाच्या, तांब्यातून इलेक्ट्रॉन सुटायला साधारण 4.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. 800 नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, तेवढी नसते. म्हणून 800 नॅनोमीटरचा टायटेनियम-सफायर लेसर तिप्पट वारंवारतेला नेऊन 266 नॅनोमीटर करायचा. लाखभर फोटॉनमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन निघतो, असं धरलं तर 100 पिकोकुलोंब चार्जसाठी कॅथोडवर सुमारे 47 मायक्रोज्यूल पोचायला हवेत. वाटेतल्या आरशांवर किती सांडते, तेही मोजा.

मग फेज, म्हणजे गनमधल्या रेडिओ लहरीच्या चक्रात लेसर नेमका कुठे पडतो ते. माझा जीव इथेच गुंततो. 2856 मेगाहर्ट्झच्या गनमध्ये एक अंश म्हणजे जवळपास एक पिकोसेकंद. लेसरची फेज सरकवत फॅराडे कपावर (इलेक्ट्रॉन झेलून मोजणारं भांडं) चार्ज वाचत जा. तो शून्यातून उठतो ती कड शोधा आणि तिथून साधारण 30 अंश पुढे थांबा. ही कड रोज सकाळी नव्याने शोधायची. एकदा मी कालचाच आकडा वापरला आणि अख्खी शिफ्ट गेली. रात्रीत केबल थंड होऊन फेज सरकली होती.

इलेक्ट्रॉनांची पल्स आणखी आखूड हवी म्हणून नुसता लेसर आखूड करू नका. दाटीत इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि पल्स पुन्हा लांबते. आधी चार्ज कमी करा.