थ्रॉटल देताच बॉल डिफ घसरतो: रिंगा घासून सुटलेला प्रश्न

१९९०च्या दशकातली बेल्टवाली, १/१० मापाची रिमोट कंट्रोल टूरिंग कार. थ्रॉटल दिला की मागून चिर्र आवाज, मोटर फिरते पण गाडी उशिरा उचलते. बेल्ट ताणला, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बदलला, मागच्या डिफचा (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) स्क्रू आवळला. आवाज तसाच, वर डिफ खरखरीत. डोकं पिकलं.

दोष डिफच्या रिंगांवरच्या (ज्यांच्यावर छोटे बॉल दाबून बसतात त्या धातूच्या चकत्या) खाचेत होता. डिफ उघडून सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं. काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून रिंगा आठच्या आकड्यात घासल्या, खाच पुसेपर्यंत. (खोल असेल तर रिंग उलटवा.) बॉल नवे, जुन्याच मापाचे, ३/३२ इंची, त्यांना फक्त सिलिकॉन डिफ ग्रीस, तेही अगदी थोडं. काळं मॉलिब्डेनम ग्रीस थ्रस्ट बेअरिंगलाच (डिफच्या स्क्रूचा दाब झेलणारं छोटं बेअरिंग). बॉल डिफमध्ये ताकद घर्षणानेच पुढे जाते, म्हणून ते काळं ग्रीस बॉलना लागलं की डिफ घसरलाच. स्क्रू थोडा आवळून डिफ मिनिटभर हाताने फिरवला, मग पुन्हा थोडा आवळला. मागची दोन्ही चाकं घट्ट धरून स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) अंगठ्याने ढकलला. हलला नाही तिथे थांबलो.