ट्रेलरच्या मोरीतलं पाणी अखेर निघालं

आमचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर खारघरला सोसायटीच्या आवारात उभा असतो. आत पडदा लावलेली अंघोळीची जागा जेमतेम अडीच फूट. काशीदला दोन मुक्काम झाले की कोपऱ्यात पाणी साचायचं, सांध्यांत भरलेलं सिलिकॉन काळं पडायचं. ओला पडदा अंगाला चिकटतो म्हणून आई तिथे अंघोळच टाळायची. ते मला फार लागलं.

आधी फरशीवर स्पिरिट लेव्हल, म्हणजे उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, ठेवून पाहिली. पाणी जायची जाळी मागच्या कोपऱ्यात आणि ट्रेलर पुढे झुकलेला! पुढचा जॅक दोन बोटं वर घेतला, पाणी आपोआप जाळीकडे वळलं. मी तर नवा पाइप आणायला निघालो होतो.

सिलिकॉन मात्र पूर्ण खरवडावं लागलं. जुन्यावर नवं धरत नाही. दोन दिवस पंखा लावून सांधे सुकवले, स्पिरिटने पुसले, मग बुरशीरोधक सिलिकॉन भरून २४ तास पाणी लागू दिलं नाही. हे काम पावसाळ्यात काढू नका, सांध्यातली ओल हटतच नाही.

पडद्याच्या खालच्या दुमडीत स्टेनलेस स्टीलची बारीक साखळी शिवली. शॉवरला बटणाचं तोंड बसवलं, साबण लावताना पाणी बंद. ४० लिटरच्या टाकीत आता चौघांची अंघोळ होते, आईचीसुद्धा.