संकटात तेराव्या स्तोत्राने प्रार्थना कशी करावी

नोकरी जाते, घरात आजारपण शिरतं, आणि आपण देवापुढे शहाण्यासारखं बोलायला बसतो. प्रार्थना अडते ती तिथेच. आत तक्रार खदखदत असताना ओठांवर स्तुती टिकत नाही. बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाचीच आहेत. सुरुवातीला १३ वं घ्या. वचनं सहाच. जुन्या लॅटिन क्रमाच्या पुस्तकांत तेच १२ वं असतं, गोंधळू नका.

संध्याकाळची आंजेलुसची, म्हणजे चर्चमधली प्रार्थनेची, घंटा झाली की बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मोठ्याने वाचा. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ चार वेळा येतं. तिथे थांबून आपलं दुखणं नाव घेऊन सांगा: पोराची दारू, बँकेचा थकलेला हप्ता. ‘सगळं ठीक कर’ असं मोघम नको. तिसऱ्या-चौथ्या वचनाला एकच मागणं मागा. शेवटची दोन भरवशाची; मन साथ देत नसलं तरी वाचा, मात्र तक्रार गाळून थेट तिथे पोचू नका.

आमेन झालं की त्याच संकटातलं एक काम हातावेगळं करा: अर्ज, फोन, दवाखान्याची फाईल. गोव्यातल्या बाणावलीचे धर्मगुरू संत जोसेफ वाझ १६९२ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला पोचले आणि राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं. सुटकेचा पत्ता नव्हता, तरी ते तिथे सिंहली शिकत राहिले. ख्रिस्ती आशा अशीच कामाला लागलेली असते.

हे नऊ दिवस करा. पण नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, हा सौदा नव्हे. ‘एवढं केलं, आता दे’ असा हिशेब ठेवला की दहाव्या दिवशी श्रद्धा कोसळते.

शब्दच फुटत नसतील तर रोझरीचं, म्हणजे जपमाळेचं, एकच दशक (दहा मण्यांचा एक भाग) म्हणा, गेथशेमाने बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करणाऱ्या येशूचं. मंगळवारी आणि शुक्रवारी रोझरीत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, असतातच; हा त्यांतलाच एक. आणि १३ व्याचा शेवट घशात अडकत असेल तर ८८ वं वाचा. ते अंधारातच संपतं, तरी चर्चच्या शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत त्याला जागा आहे.

एकट्याने मात्र ओढू नका. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) फादरना गाठा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर नऊ दिवस थांबू नका: त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा.