विंडोज अपडेट बंद आणि ड्रायव्हर अपडेटर चालू? या चुका टाळा

घरातला पीसी घ्या, दुकानातला घ्या नाहीतर सीएच्या ऑफिसातला, बऱ्याच ठिकाणी एकच उलटा कारभार दिसतो. विंडोजचे अपडेट कुणीतरी सर्व्हिसेसमध्ये जाऊन डिसेबल करून ठेवलेले असतात, कारण काय तर "मशीन स्लो होतं" आणि "नेट खातं". आणि त्याच मशीनवर खाली कोपऱ्यात एक फुकटचा ड्रायव्हर अपडेटर बसलेला असतो (ड्रायव्हर म्हणजे साउंड, वायफाय, प्रिंटर अशा भागांना विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर), जो दर दोन दिवसांनी लाल अक्षरात बोंबलतो की तुमचे इतके ड्रायव्हर जुने झालेत, आत्ता क्लिक करा. म्हणजे जे वेळच्या वेळी करायचं ते बंद, आणि ज्याला कारण नसताना हात लावायचा नाही ते रोज चालू.

सरळ हिशोब असा आहे: विंडोजचे सिक्युरिटी अपडेट, ब्राउझर आणि बाहेरून आलेल्या फाइल उघडणारी सॉफ्टवेअर, हे आलं की टाकायचं. ड्रायव्हर आणि बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारं मदरबोर्डातलं सॉफ्टवेअर), हे कारण असेल तरच. खालच्या बहुतेक चुका या दोघांची अदलाबदल केल्यामुळेच होतात.

अपडेट कायमचे बंद करणं

वॉनाक्राय व्हायरस आठवतोय का? १२ मे २०१७ ला जगभर कॉम्प्युटर लॉक होऊन खंडणी मागायला लागले, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो आत शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिलेला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी तो टाकला होता ते वाचले, बाकीचे बसले डोक्याला हात लावून.

यावर लोक लगेच उलटं उदाहरण देतात की अहो १९ जुलै २०२४ ला अपडेटमुळेच तर ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. खरंय, पण तो विंडोजचा अपडेट नव्हताच. क्राउडस्ट्राइक नावाच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरची ती सदोष फाइल होती आणि ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांत असतं, आपल्या घरच्या लॅपटॉपवर नसतं. त्या दिवसाचा दाखला देऊन घरचा विंडोज अपडेट बंद करण्यात काही अर्थ नाही.

भीती वाटते, नेट पुरत नाही, कामाच्या मध्येच रीस्टार्ट मागतो, या तक्रारी मात्र खोट्या नाहीत, फक्त त्यासाठी अपडेट मारून टाकायची गरज नसते. विंडोज ११ मध्ये पॉझ अपडेट्समधून पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. महिन्याचा मोठा अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सुटतो, आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, तर एक आठवडा पॉझ करा, काही बोंबाबोंब झाली तर तोवर कळतेच. मोबाइल हॉटस्पॉटवर चालवत असाल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन ऑन करा म्हणजे डेटा उडणार नाही. आणि ॲक्टिव्ह अवर्समध्ये कामाची वेळ टाकली की दुपारी बिल काढताना रीस्टार्ट होत नाही.

अजून एक भानगड असेंबल्ड पीसीची. दुकानदार "विंडोज टाकून देतो" म्हणतो, आणि टाकतो ती ॲक्टिव्हेटरवाली, म्हणजे बिनपरवान्याची कॉपी, ज्यात अँटीव्हायरस बंद करून कुणाचीतरी अनोळखी फाइल ॲडमिन म्हणून चालवलेली असते आणि अपडेटही बंद. अशा मशीनवर पुढचं सगळं वाचून फारसा उपयोग नाही, आधी नीट विंडोज टाका.

शट डाऊन म्हणजेच रीस्टार्ट, हा समज

हे बऱ्याच जणांना पटत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर सेव्ह होतो आणि सकाळी तसाच उचलला जातो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर सकाळी पण अडकलेलाच. विश्वास नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयूवर जाऊन अप टाइम बघा, रोज रात्री बंद करणाऱ्यांचा पण कित्येक दिवसांचा निघतो. साउंड गेला, ब्लूटूथ दिसत नाही, अपडेट "पेंडिंग" दाखवतंय, काही शोधाशोध करायच्या आधी एक खराखुरा रीस्टार्ट मारा, निम्मी दुखणी तिथेच संपतात. मेनूत "अपडेट अँड शट डाऊन" असं दिसत असेल तर ते चालतं, प्रॉब्लेम साध्या शट डाऊनचा आहे.

विंडोज अपडेट केलं, बाकीचं विसरलं

विनरार बघा. आपल्याकडे प्रत्येक मशीनवर असतं, चाळीस दिवसांची ट्रायल वर्षानुवर्षं चालते, आणि ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यात असं भोक सापडलं की झिपमधला साधा फोटो उघडायला गेलं तरी मागून व्हायरस चालायचा, ते ६.२३ मध्ये बुजवलं. मग २०२५ मध्ये दुसरं निघालं, ते ७.१३ मध्ये. आत्ता उघडून हेल्पमध्ये व्हर्जन बघा, अनेकांकडे पाच पॉइंट काहीतरी निघेल. क्रोमचं असं होतं की अपडेट डाउनलोड होऊन बसलेला असतो पण माणूस ब्राउझर कधी बंदच करत नाही, साठ टॅब उघडे, त्यामुळे लागूच होत नाही.

एकेक सॉफ्टवेअर शोधत बसायचं नसेल तर टर्मिनल उघडून विंगेट अपग्रेड एवढे दोन शब्द इंग्रजीत टाइप करा, काय काय जुनं आहे त्याची यादी येते. हे मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे, विंडोज ११ मध्ये आधीपासून असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

ड्रायव्हर अपडेटर आणि २००६ चं गूढ

आता मुख्य मुद्दा. ही टूल्स घाबरवतात कशाच्या जोरावर? बहुतेक वेळा तारखेच्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कीबोर्ड, माउस, डिस्क यांच्या ड्रायव्हरची तारीख बघा, २१ जून २००६ दिसेल. नवाकोरा लॅपटॉप, काल घेतलेला, आणि ड्रायव्हर २००६ चा? माणूस हादरतोच.

पण ती तारीख मुद्दाम टाकलेली आहे. एकाच डिव्हाइसला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज नव्या तारखेचा उचलतं. समजा लॅपटॉप कंपनीने टचपॅडसाठी खास ड्रायव्हर दिलाय आणि नंतर विंडोजचा मोठा अपडेट आला, तर विंडोजच्या स्वतःच्या साध्या ड्रायव्हरची तारीख नवी पडून तो कंपनीच्या ड्रायव्हरवर चढून बसेल. तसं होऊ नये म्हणून विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरवर ही जुनी तारीख मारलेली असते. आतला कोड नवाच असतो, व्हर्जन नंबर बघा. इंटेलने तर अजून कमाल केली, त्यांच्या चिपसेटच्या फायलींवर १८ जुलै १९६८ अशी तारीख असते, म्हणजे इंटेल कंपनी स्थापन झाली तो दिवस. तेव्हा विंडोज तर सोडाच, मायक्रोसॉफ्ट पण जन्मलेली नव्हती. अपडेटर बिचारा हे "५० वर्षं जुने ड्रायव्हर" बघून लाल होतो, आणि आपण त्याला पैसे भरतो.

बरं, नुसते पैसे गेले तर एक वेळ ठीक. ही टूल्स पुष्कळदा "जवळपास जुळणारा" ड्रायव्हर टाकतात, मग टचपॅडचं दोन बोटांचं स्क्रोलिंग जातं, नाहीतर वायफाय दर दहा मिनिटांनी तुटतं, आणि काय बदललं ते कुणाला आठवत नाही. क्लीनर, बूस्टर वगैरेंचा पण तोच प्रकार. नावाजलेलं असलं म्हणून सुरक्षित असंही नाही, २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत ५.३३ व्हर्जनमध्येच हॅकरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते २२ लाखांवर मशीनवर पोचलं होतं.

मग ड्रायव्हर घ्यायचा कुठून? आधी विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हरची वेगळी यादी असते. तिथे दिसतंय म्हणून सगळं टिक करू नका, ज्याचा त्रास आहे तेवढंच. नाही मिळालं तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर खालच्या स्टिकरवरचा मॉडेल किंवा सिरियल नंबर टाकून. ग्राफिक्स कार्डाचा थेट एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलकडून. गुगलवर "अमुक ड्रायव्हर डाउनलोड" टाकून वरच्या जाहिरातीवर क्लिक करणं सोडून द्या.

आणि "अननोन डिव्हाइस" असं पिवळं चिन्ह दिसत असेल तर अंदाज लावायची गरज नाही. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी निवडा. त्यात पहिल्या भागात चार अक्षरांचा कोड असतो, ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक. कुणाच्या दारात जायचं ते एवढ्यावरून कळतं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड ४३ यूएसबीच्या वस्तूवर आला तर मात्र ड्रायव्हर शोधायच्या आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा, कारण बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

जुना ड्रायव्हर बदलायलाच हवा अशी पण एक जागा आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये कोर आयसोलेशन उघडा, मेमरी इंटिग्रिटी (व्हायरसला विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारं संरक्षण) ऑन होत नसेल तर खाली कोणता ड्रायव्हर अडवतोय त्याचं नाव येतं. पूर्वी कधीतरी वापरलेल्या डोंगलचा नाहीतर वेबकॅमचा निघतो. वस्तूच राहिली नसेल तर ड्रायव्हर काढून टाका.

टाकला आणि बिघडलं

लगेच फॉरमॅट मारू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या ड्रायव्हर टॅबवर रोल बॅक ड्रायव्हर असतं, एका क्लिकवर मागचा येतो. बटण फिकट असेल तर मागचा शिल्लक नाही, मग सिस्टिम रीस्टोर. अर्थात ते आधी ऑन असेल तरच, आणि खूप मशीनवर ते बंद असतं, आज बघून ठेवा. स्क्रीन काळी झाली पण पंखा फिरतोय, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. विंडोज चालूच होत नसेल तर लोगो दिसताना पॉवर बटण दाबून बंद करा, असं दोन-तीन वेळा केलं की रिकव्हरी स्क्रीन येते, तिथून सेफ मोडमध्ये जा किंवा शेवटचा अपडेट अनइन्स्टॉल करा.

अपडेट डाउनलोड होतो पण बसत नाही, यात पहिला संशयित म्हणजे जागा. सी ड्राइव्हवर दोन-चार जीबी उरले असतील तर कुठलाही उपाय चालणार नाही. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड, आधी डिझमची रीस्टोर हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली उचलतं तो साठा डिझम दुरुस्त करतं. आणि ८००७०६४३ ने संपणारा एरर जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वाल्या पुष्कळांना आला होता, त्यात लोकांनी विंडोज दोनदोनदा टाकून पाहिलं, खरं कारण एवढंच होतं की रिकव्हरी पार्टिशन लहान पडत होतं. म्हणून आधी एररचा नंबर शोधा, उपाय नंतर.

बायोस, लाइट आणि ४८ आकडे

बायोस "नवा आलाय" म्हणून टाकायचा नाही. कारण असेल तर मात्र टाळायचा पण नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा प्रॉब्लेम निघाला, त्याचा उपाय २०२४ मध्ये बायोसमधूनच आला, असा सीपीयू असेल तर तो अपडेट आजच करा, झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही.

करताना डेस्कटॉप यूपीएसवर, लॅपटॉप चार्ज करून चार्जर लावलेला. पावसाळ्यात, वाऱ्याने लाइट जा-ये करत असताना तर अजिबात नाही. दुसरं, लोक जिथे खरे रडतात ते: बायोस बदलला की बिटलॉकरला (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) वाटतं कुणीतरी मशीनशी छेडछाड केली, आणि तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. "मी तर कधी बिटलॉकर लावलंच नाही" असं म्हणाल, पण विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एनक्रिप्शन आपोआप लागलेलं असतं. ती की त्याच अकाउंटमध्ये सेव्ह असते. आधी लॉगिन करून बघा, कागदावर लिहून घ्या. दुकानात सेटअप करून घेतलाय आणि अकाउंट दुकानातल्या पोराच्या ईमेलवर आहे, तर तो घोळ बायोसच्या आधी सोडवा.

फॉरमॅट करणार असाल तर वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. आणि इंटेल ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना एसएसडीच दिसली नाही तर ती खराब झाली म्हणून नवी घेऊ नका, बहुतेक वेळा व्हीएमडीचा (इंटेलची एसएसडी सांभाळणारी सोय) ड्रायव्हर लागतो, लॅपटॉप कंपनीच्या साइटवर रॅपिड स्टोरेज नावाने मिळतो, इन्स्टॉलरमध्ये लोड ड्रायव्हर करून द्यायचा.

विंडोज १० आणि जुन्या वस्तू

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना मायक्रोसॉफ्टने दिली, पण त्यात नाव नोंदवावं लागतं, नुसतं बसून मिळत नाही. ८ व्या पिढीच्या आधीचा इंटेल असेल तर मोजके अपवाद सोडता विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

सेवा केंद्र, डीटीपी, टॅक्सचं काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आधारचं अंगठ्याचं मशीन असेल तर ड्रायव्हरसोबत आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा डेटा सुरक्षित करून पाठवणारं सॉफ्टवेअर) पण लागते, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक नव्या विंडोजवर ओळखलं जाईलच असं नाही. दुकानात दोन मशीन असतील तर एकावर आधी अपडेट करा, एक अंगठा घ्या, एक पीडीएफ साइन करा, एक प्रिंट काढा, मग दुसऱ्यावर. जुलैअखेर पीक विमा आणि रिटर्न दोन्हीची रांग लागते तेव्हा पॉझ बटण दाबून ठेवा आणि गर्दी ओसरली की त्याच आठवड्यात सोडा. टोकन अपडेटनंतर दिसत नसेल तर पोर्टलला शिव्या घालण्याआधी त्याचा ड्रायव्हर काढून परत टाका, टोकन बाहेर ठेवून. इन्स्टॉल पूर्ण झाल्यावरच टोकन लावायचं, प्रिंटरची केबल पण तशीच.