मान टाकणारा भिंगाचा दिवा घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

दिवाळी जवळ आली की आमच्या शहापुरातल्या माडीवर किल्ल्याचे मावळे रंगवायचं काम सुरू होतं. बोटाएवढ्या मावळ्याची मिशी काढायला भिंगाचा दिवा लागतोच. गेल्या खेपेला त्या दिव्यानं हळूहळू मान टाकली आणि ओल्या रंगावर टेकला. वर उजेडही लुकलुकायला लागला.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आत करंट राहू शकतो. प्लग काढल्यावरही पाच मिनिटं थांबा, कारण सर्किटमधल्या कपॅसिटरमध्ये विजेचा थोडा साठा उरतो.

दिवा खाली का घसरतो? सांध्यातला वायसर आणि पट्टी एकमेकांवर घट्ट घासतात, म्हणून तो जागेवर राहतो. मी शहाण्यासारखं त्यात तेल सोडलं आणि दिवा आणखीच लोळला! बिजागरी वेगळी, हा सांधा वेगळा. तेल पडलंच असेल तर वायसर काढून स्पिरिटनं पुसा, वाळवा, मग नट आवळा. वायसर झिजून गुळगुळीत झाला असेल तर फायबरचा नवा घाला. मापाचा मिळाला नाही तर उद्यमबागेत, म्हणजे आमच्या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, एखाद्या लेथवाल्याला विचारा. एवढ्याशा कामाला तो हसेल, पण करून देईल.

स्प्रिंगचा हात असेल तर जपून. भिंगाचं डोकं सोडवण्याआधी हाताच्या पट्ट्या सुतळीनं एकत्र बांधा. वजन निघालं की हात उसळतो आणि थेट तोंडावर बसतो.

घसरण दोन-तीन सेंटिमीटरची असली तरी त्रास होतो. भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात; 5 डायॉप्टरच्या भिंगाचं नाभीय अंतर 20 सेंटिमीटर, 3 डायॉप्टरचं 33. वस्तू त्याच्या आतच धरावी लागते, आणि अंतर सारखं बदलत राहिलं की डोळे शिणतात.

आता लुकलुकणं. एलईडी गेले असं आपण लगेच ठरवतो, पण बहुधा वायर सांध्यापाशी आतून तुटलेली असते. वरचं आवरण मात्र शाबूत. मल्टिमीटर बीपवर ठेवा, म्हणजे तार सलग असली की तो वाजतो. एक टोक प्लगच्या पिनला, दुसरं त्याच वायरच्या दिव्याकडच्या टोकाला. मग एकेक सांधा हलवा. जिथं बीप तुटतो, तिथं दोष. तिथंच जोड देऊन टेप गुंडाळू नका; वाकून वाकून तो पुन्हा सुटतो. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधून ओढून घ्या, म्हणजे अख्खी बदलते. थेट 230 व्होल्टवर चालणाऱ्या दिव्याला 0.75 चौरस मिलिमीटरची लवचिक वायर पुरते. मूळची तीन तारांची असेल तर तीनच तारांची घाला, आणि हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार धातूच्या अंगाला पक्की जोडा. प्रत्येक सांध्यापाशी थोडा ढिला वेढा ठेवा, हे विसरलात तर वर्षभरात पुन्हा हेच काम.

वायर ठीक निघाली तर बटण उघडून बघा. आपल्याकडच्या पावसात त्याच्या पत्र्यावर हिरवट गंज चढतो. बारीक पॉलिश पेपर फिरवला की झालं. एलईडीच्या कड्यात काळा ठिपका पडलेला दाणा दिसला तर तोच मेलेला, आणि त्याच्या ओळीतले बाकीचेही अंधारात जातात. गोल ट्यूबचा जुना दिवा असेल तर आधी स्टार्टर बदलून बघा. ट्यूबची टोकं काळी पडली असतील तर ट्यूबच बदला, पण जुनी फोडू नका, आत पारा असतो.

काम संपल्यावर भिंगावर फडकं टाका. माझ्या टेबलावरचा वर्तमानपत्राचा कोपरा खिडकीतल्या सकाळच्या उन्हानं जळलेला आहे, तो अजून तसाच ठेवलाय.